गोठवलेलं खातं

बँकेतली मुलगी म्हणाली, खातं गोठवलंय.
कार्डला गावातली ही एकच शाखा, आठवड्यातून दोनदा उघडते,
काचांवर समुद्राचं मीठ.
केर्तू नाव तिचं. माझ्या नातीहून चारेक वर्षांनी मोठी असेल.
"नियमच आहे तसा," ती हळू म्हणाली
आणि पेनांचा डबा उगाच सरळ केला.

मी म्हटलं, माझ्या नळाचंही तेच झालंय.

तिला वाटलं, म्हातारी विनोद करतेय.
मी खरं सांगत होते.
हिवाळ्याआधी विहिरीचा पंप रिकामा करायचा असतो,
हे मला ठाऊक होतं.
कुठली चावी आधी बंद करायची, ते एन्डेलला.
सेहेचाळीस वर्षं आम्ही माहिती अशी वाटून ठेवली,
जणू दोघांतलं कुणी कधी जाणारच नव्हतं.

सरकारला मात्र लगेच कळलं.
सोमवारी पहाटे तो गेला.
दुपारपर्यंत त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या
कुठल्याशा संगणकातून पुसल्या गेल्या.
गुरुवारी गाडीच्या कागदावर
त्याच्या नावापुढे एक तारीख उगवली.
माझ्यापर्यंत ते अजून पुरतं पोचलेलं नाही.
मी अजून दोन बटाटे जास्त उकडते,
आणि सकाळी तेच परतून खाते.
वाया काही जात नाही.

वीज त्याच्या नावावर. होडी त्याच्या नावावर.
शिकारीची बंदूकही, जिला मी कधी हात लावला नाही,
तिच्यासाठी पोलिसांत वेगळा अर्ज.
नोटरीने चष्मा पुसत विचारलं,
कुणाचं काही देणं?
शेजारच्या लेम्बितची एक करवत, मी म्हटलं.
पुढचं बोलले नाही:
त्या रविवारी रात्री खारवलेल्या माशांच्या बरणीवरून
मी त्याला नको इतकं बोलले होते.
झाकण नीट लावत नाहीस. कधीच लावत नाहीस.
तो म्हणाला, उद्या बघू.
हे लिहायला अर्जात रकाना नव्हता.

लेम्बित आला तो डिसेंबरात, बॅटरी घेऊन.
दोन तास आम्ही पाइपाला गरम फडकी बांधत बसलो.
मग त्याने मोठ्या विश्वासाने चुकीची चावी फिरवली
आणि पाणी दोघांच्या बुटांत.
मी हसले.
सप्टेंबरनंतर पहिल्यांदाच, आणि इतक्या मोठ्याने
की लेम्बितने टोपी काढली,
काय करावं न सुचून पुन्हा घातली.

त्रीन टालिनहून फोन करते.
आई, इथे ये, गरम पाणी आपोआप येतं.
तिचीच एक नेलपॉलिशची बाटली
उन्हाळ्यात न्हाणीत राहून गेली होती.
आधी बंद करायच्या चावीवर मी एक लाल ठिपका दिला,
नंतरच्या चावीवर दोन.
आता मला ठाऊक आहे.
आता हे दुसऱ्या कुणाला तरी सांगून ठेवायला हवं.

ओलं लाकूड जाळायचं नाही, हा एन्डेलचा कायदा.
दोन उन्हाळे वाळलं पाहिजे.
त्यामुळे हा हिवाळा त्याचाच आहे
आणि पुढचाही.
पडवीच्या खांबांवर त्याने खडूने सालं लिहिलीत,
भूर्जाच्या फोडी अशा रचल्यात की सुरीही आत जाऊ नये.
रोज संध्याकाळी मी टोपलीभर काढून आणते,
आणि भिंत एकेक हात खाली येते.

तिसऱ्या खांबावर काही लिहिलेलं नव्हतं.

एप्रिलमध्ये गाडीभर ओलं लाकूड मागवलं,
पैसे माझ्या खात्यातून, माझ्या कार्डाने.
एकटीने रचलं. नऊ दिवस लागले.
मग खडू घेऊन साल लिहिलं.
सात काढताना तो मध्ये आडवी रेघ द्यायचा,
माझ्या हातून ती जरा तिरकीच आली.

थप्पी डावीकडे कललीय.
टेकू द्यायला हवा, पाऊस यायच्या आत.