तेवीस ओहम

उथळसरला पास्कलशेठच्या बेकरीत
संध्याकाळची खारी फिकट निघते.
"तुळसा भट्टीचं दार उघडं टाकते," शेठ म्हणाले,
"या आठवड्याचे चारशे कापलेत."

सकाळी साडेसहाला मी वायरीला चिमटा-मीटर लावला.
दोनशे तीस व्होल्ट, दहा अँपियर.
भागिले: तेवीस ओहम.
गुणिले: तेवीसशे वॅट.
बटर पेपरच्या तुकड्यावर टिपून ठेवलं.

मग चहा, मग वागळे इस्टेटीतला
एक कुरकुरणारा कॉम्प्रेसर,
आणि सात वाजता परत.
तोवर गल्लीतले सगळे एसी जागे झाले होते.
दोनशे सात व्होल्ट. नऊ अँपियर.
भागून पाहिलं, पुन्हा तेवीस.
कॉइल बिचारी होती तिथेच होती.
गुणून पाहिलं,
अठराशे त्रेसष्ट.

"दाब उतरला दहावा हिस्सा,
मग आच पाचवा हिस्सा कशी उतरेल?"
शेठ, दाबाबरोबर धाराही उतरते,
तूट दोन्हीकडून खाते.
शेठनी बोटांवर मोजलं, मग मोबाइलवर,
मग उगाच पंख्याकडे पाहिलं.

तुळसा ट्रे पुसत होती.
ओहम म्हणजे काय, तिनं विचारलं नाही.
"वीस मिनिटांच्या जागी किती ठेवू?"
पंचवीस, मी म्हटलं.

मग पीठभरल्या हातानं तिनं कागद मागून घेतला,
माझ्या गुणाकाराखाली
चारशे लिहिले, जरा तिरके,
आणि घडी घालून
शेठच्या गल्ल्यात ठेवला,
नोटांच्या वर.