तोंड आलंय

उदगीरच्या सरकारी दवाखान्यात
खोली नंबर अकरा. दाराला पडदा,
पडद्याला कुणीतरी पुसलेला चुना.
आत मी, एक टेबल, एक लाकडी नमुना
जो दिसला की सगळे पंख्याकडे बघतात.

व्यंकट म्हणाला, तोंड आलंय, गोळ्या द्या.
मी म्हणाले, त्या सात नंबरला.
तो उठेना. गंगासागरनं कोपर मारलं
आणि भिंतीवरच्या तक्त्याकडं हनुवटी केली.
तिथं एक शब्द छापलाय, पाच अक्षरांचा,
वरच्या कचेरीतून आलेला. उदगिरात तो
अजून कुणाच्या तोंडून ऐकला नाही.

"ते तसलं," ती म्हणाली. "चालतंय का?"

चालतंय. दोघांना आवडत असेल तर चालतंय.
पण गुटख्यानं सोललेला गाल म्हणजे
सताड उघडं दार, व्यंकटराव.
तोंड आलं असताना तिथं तोंड घालायचं नाही.
ओठावर फोड असला, तिला काही फुटलं असलं,
तरी भरेपर्यंत थांबायचं.
आणि त्याआधी ब्रश नको, हिरड्या सोलतात.
चूळ भरली तरी पुरे.
"मी तर मुद्दाम दोनदा घासायलो की,"
तो बोलून गेला, आणि जीभ चावली.

त्याला भीती एचआयव्हीची. ती या वाटेनं कमी.
पण गरमी, परमा घशातसुद्धा मुकाट बसतात,
दुखत नाही, खुपत नाही, म्हणून तपासणी दोघांची.
आणि तुम्हाला निरोध. वासाचेही मिळतात,
मोंढ्यातल्या मेडिकलला.

"आन् माझ्या बाजूनं?"
पंख्याकडं न बघता तिनं विचारलं.

मी एक पाकीट फोडलं. टोक कापलं,
खालचं कडं कापलं, उभी चीर द्यायला गेले
तर कात्री भरकटली.
"अवो, द्या इकडं."
ती ब्लाउज शिवते, तळवेस गल्लीत,
दिवाळीला रात्री दोनपर्यंत.
सैल धरून तिनं एका दमात कापलं,
चौकोन उलगडला, उजेडाला धरला.
पलीकडं व्यंकट दिसत होता, कानापर्यंत लाल.

"अस्तरापेक्षा बारीक हाय," ती म्हणाली.
"ह्येच्या आडून कळतंय का काई?"
ते घरी जाऊन सांग, मी म्हणाले.
ती एवढी हसली की
बाहेरच्या रांगेतलं कुणीतरी खोकललं.

जाताना कात्री माझ्याकडं सरकवली.
"धार लावून घ्या हिला, बाई.
दिवसाला कितीजणी विचारत असतील."

कितीजणी.
सहा वर्षांत ती पहिली.