अक्षरामागे चौदा रुपये

अक्षरामागे चौदा रुपये,
काना, मात्रा, वेलांटी धरून.
अनुस्वार फुकट. ही रीत बापापासूनची.

शिळा चोपड्याहून ट्रॅक्टरने आली
ती उंबरपाणीच्या फाट्यापर्यंतच.
पुढे पावरा पोरांनी
सागाच्या ओंडक्यांवरून सरकवत नेली,
मोहाच्या झाडापर्यंत.

समितीच्या कागदावर पाच नावं:
ऑकली, विंटल, प्रॉसर, मॅकरे, डॉसन.
हुद्दा, नंबर, वय.
सगळ्यांत मोठा चोवीस वर्षांचा.
'ऑ'चा चंद्र कोरताना टवका उडाला
आणि सगळी शिळा पुन्हा
बोटभर घासून काढावी लागली.
दोन दिवस गेले. त्याचे पैसे कुणाला मागू?

खाली लिहायचं होतं,
'व त्यांना मदत करणारे ग्रामस्थ'.
तेरा अक्षरं, एकशे ब्याऐंशी रुपये.
खुमान मास्तर म्हणाले, थांबा,
ग्रामस्थ हे काय कुणाचं नाव आहे?

मास्तरांनी जळगावात आठ दिवस
दप्तरखान्याची धूळ खाल्ली.
आणली ती पोलिसांच्या वहीची झेरॉक्स:
सरकारी विमानाचा पत्रा चोरला,
आरोपी सात.
वेस्ता, सायका, रूमशा, बोंडर,
गेंद्या, जामसिंग, डेमा.
नावासमोर अंगठा. तीन महिने सक्तमजुरी.

याच सातांनी मॅकरेला
मोडक्या पायासकट बाजेवर घालून
दोन रात्री चालत खाली पोचवलं होतं.
बाकीच्या चौघांना माती दिली होती.
ते वहीत नाही.

गेंद्याचा नातू म्हणाला,
चोर लिहिलंय त्याच कागदावरून घेणार नावं?
मास्तरांनी चष्मा पुसला.
दुसरा कागद नाही रे आपल्याकडे.

सात नावं कोरली. 'डेमा' सगळ्यांत सोपं गेलं.

रुमलीबाई रोज येऊन बसायची.
तेव्हा पाच-सहा वर्षांची असेल.
होळीला चार दिवस होते, म्हणाली,
डोंगरावर जाळ दिसला,
वाटलं, वरच्या पाड्याने आधीच पेटवली.
त्या पत्र्याची पळी तिच्या चुलीपाशी अजून आहे.
मी हातात घेऊन पाहिली. वजनच नाही.
दांड्याच्या मागे दोन इंग्रजी आकडे,
घासून घासून पुसट झालेले.

आणि म्हणाली,
त्या गोऱ्याला पाणीही गिळवेना,
तर माझ्या आईने कापसाचा बोळा
शेळीच्या दुधात भिजवून
त्याच्या ओठांत पिळला, पहाटेपर्यंत.

आईचं नाव काय?

ती कितीतरी वेळ पळीकडे बघत राहिली.
सगळे वेस्ताची बायको म्हणायचे.
मी आई म्हणायचे.

बायांना कुणी पकडलं नव्हतं,
म्हणून बाया वहीत नाहीत.

उद्घाटन झालं. नारळ फुटला, माईक बिघडला.
शेळ्या आता दुपारी शिळेच्या सावलीत बसतात.
मास्तर अजून विचारत फिरतात.
वैजापूरला कुणी म्हातारी आहे म्हणे, नात्यातली.

डेमाच्या खाली एक ओळ गुळगुळीत करून
मोकळी सोडली आहे.
टाकी पिशवीतच असते.
चार अक्षरं मावतील.
अनुस्वार असला तर असू दे.