झब्दाईचा दोर

वीज गेली होती,
म्हणून वर्दे बाईंनी खिडकी सताड उघडली.
तूर आब्दीनच्या डोंगरावर
ऊन अजून तासभर टिकणार होतं.
पाच मुलं, चार चटया; नहरीन पायरीवर.
गाब्रो आलाच नव्हता.
सर्गोनच्या मांडीत एक चेंडू होता,
तो कुणाचा, हे कुणी विचारलं नाही.

"आज एक शिष्य," बाई म्हणाल्या.
"तलवार होती त्याच्याकडे?"
"फावडं होतं."
"सिंहाशी लढला?"
"नाही."
"मग पाण्यावर चालला?"
"पाण्याच्या शोधात खाली जायचा रे.
विहिरी खणायचा. नाव झब्दाई."

झब्दाईनं येशूला पाहिलं नव्हतं.
ज्यांनी पाहिलं, त्यांना पाहिलेला कुणी एक
भर दुपारी त्याच्या विहिरीशी आला,
टाचा भेगाळलेल्या, घसा कोरडा.
झब्दाईनं त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं.
पिऊन झाल्यावर, तोंड पुसत,
त्या पाहुण्यानं एक प्रार्थना शिकवली.
लहानशी. तुम्हाला पाठ आहे तीच.

मुलांनी लगेच घडाघडा म्हणायला घेतली.
"थांबा! इथेच. तोही इथेच थांबला होता.
'जशी आम्ही क्षमा करतो' इथं आला,
आणि जीभ पुढे सरकेना,
खणता खणता कातळ लागावा तशी."

कारण थोरला भाऊ.
कारण बापाचा दोर, बकरीच्या केसांचा,
चाळीस हात लांब.
वाटणीत तो कुणाचा, ते ठरलंच नाही.
दोघांनी एकेक टोक धरून ओढलं,
झब्दाईच्या दंडात जोर जास्त, इतकंच.
मग सात वर्षं अबोला, एकाच गल्लीत.

तर झब्दाई दोर खांद्यावर टाकून
तीन रात्री भावाच्या दाराशी उभा राहिला.
दार उघडलं नाही.
आत दिवा होता, कुणीतरी खोकलं.
चौथ्या रात्री त्यानं दोर उंबऱ्यावर ठेवला,
नीट वेटोळं करून, टोक आत खोचून,
आणि घरी येऊन गवताचा दोर वळायला बसला.

गवताचा दोर! गाव पोट धरून हसलं.
गवताला लोंबकळून माणूस तीस हात खाली?
बायको तेवढी हसली नाही.
ती समोर बसून पीळ घट्ट करत राहिली.

"तुटला का?"
"दोनदा."
"मेला?"
"गुडघा गेला. मग जन्मभर लंगडला.
लंगडत लंगडत त्या गुहेत जायचा,
जिथे चारसहाजण गुपचूप जमायचे,
जैतुनाच्या तेलाचा एक दिवा मध्ये ठेवून.
पण आता ते वाक्य त्याला पुरं म्हणता यायचं."

"आणि भाऊ?"

एका उन्हाळ्यात गावच्या साऱ्या विहिरी आटल्या,
झब्दाईची तेवढी सोडून.
एका पहाटे तो काठाशी गेला,
तर तिथे बापाचा दोर.
वेटोळं केलेला.
एक टोक ओलं.

बाई गप्प झाल्या.
खिडकीतून तुतीचं एक पान आत येऊन पडलं.
"मग बोलले का ते दोघं?"
"गोष्टीत नाही."
"कुठल्या पुस्तकात आहे ही?"
"कुठल्याच नाही. माझ्या वडिलांनी रचली,
रहाट ओढताना, मी रडू नये म्हणून.
झब्दाई होता की नव्हता, देव जाणे.
विहिरी मात्र आहेत.
त्या कुणीतरी खणल्याच की."

नहरीन पायरीवरूनच म्हणाली,
"विश्वासाबद्दल सांगणार होतात ना?
तो कुठे आला यात?"
बाईंनी डोक्यावरचा रुमाल सारखा केला.
"पाणी लागायच्या आधी खणतात ना,
ते," त्या म्हणाल्या. "चला, घरी पळा."

सर्गोन सगळ्यांच्या मागे रेंगाळला.
गाब्रोच्या अंगणाची दगडी भिंत कमरेएवढी.
त्यानं चेंडू तिच्यावर ठेवला,
गडगडू नये म्हणून दोन खडे लावले,
आणि धूम पळत सुटला.

रात्री वीज आली.
वर्दे बाईंनी गच्चीवरून पाहिलं:
चेंडू अजून तिथेच,
एक मांजर त्याला हुंगत होतं.