शे

सावद्याचा वजनकाटा. रात्रीचे अकरा.
केळीनं भरलेला ट्रक काट्यावर
आणि पडद्यावर वजन: उणे एकोणीस कोटी किलो.
ड्रायव्हर खिडकीतून डोकावला,
"मग दिल्लीपर्यंत उडतच जाऊ का, मॅडम?"

काट्याशी बोलणारा जुना प्रोग्राम सी मधला.
बऱ्हाटे काकांनी लिहिलेला, शहाण्णव साली,
फैजपुरात, खताच्या दुकानाच्या माळ्यावर.
मूळ मजकूर कुठल्याशा फ्लॉपीबरोबर गेला.
उरली ती घट्ट बांधलेली पुडी,
सुटत नाही, पण चालते.
माझं नवं बिल पायथनमध्ये.
दोघांची ओळख करून द्यायला मी,
पगार एकाच बाजूचा.

काकांना फोन लावला. जागेच होते.
वायर, पोर्ट, काही विचारलं नाही,
जुनी गोष्टच काढली:
पहिल्या हंगामात खटावकडचा एक कारकून होता, शिंगाडे.
धुळ्याकडचा हिलाल हमाल एक मरतुकडा घड ठेवून म्हणाला,
"वजन नऊ शे."
म्हणजे, नऊ आहे.
शिंगाड्यांनी मान वर न करता लिहिलं: नऊशे.
काका हसता हसता खोकले, खोकता खोकता म्हणाले,
"ऐकणाऱ्यानं कुठल्या कप्प्यात हात घालायचा
ते आधी सांगावं लागतं, पोरी."

मग दिसलं.
काकांचं फंक्शन उत्तर देतं दशांशात,
ठेवून जातं दशांशांच्या कप्प्यात.
आणि पायथन, कुणी काही सांगितलं नाही म्हणून,
पूर्णांकांचा कप्पा चाचपतं,
तिथं आधीच्या कुणाचं तरी उरलंसुरलं
उचलतं,
आणि म्हणतं, हे घ्या वजन.
खोटं कुणीच बोलत नसतं.

एक ओळ लिहिली: येणार आहे तो दशांश.
अकरा हजार चारशे चाळीस पूर्णांक पाच.
हिलालचा नातू दारात बिडी विझवत होता.
"आते बरोबर शे का?"
"शे," मी म्हटलं.
आमच्या घरात हा शब्द कुणी बोलत नाही.

ट्रक गेला. मी थांबले.
पावतीचा मजकूर सी कडून येतो
ज्या जागेत, ती जागा तिलाच परत करायची,
तिच्याच दारी, तिच्याच रीतीनं,
नाहीतर दर ट्रकमागे थोडी थोडी अडकत जाते
आणि पहाटे चारला मशीन गुदमरतं.
पायथन आपलं आपण झाडून घेतं,
पण शेजाऱ्याचं अंगण झाडत नाही.

आईची शिकवण: शेजारचं भांडं
रिकामं परत द्यायचं नाही.
मुठभर शेंगदाणे, काही नाही तर साखर, पण घालायचं.
इथं मात्र रिकामंच द्यावं लागतं,
चाटूनपुसून,
आणि दिल्यावर पुन्हा त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही.

पावणेदोनला परत केलं.
आईला हे सांगणार नाही.