तवसाळपर्यंतचे दगड

हिरव्या रंगाचा डबा, चुन्याची बादली,
आकड्यांचे पत्र्याचे साचे. साताचा साचा वाकलेला,
म्हणून माझे सगळे सात
वारं लागल्यासारखे जरा कलतात.

गुहागर सोडलं की सायकल चालवतो कमी, ढकलतो जास्त.
या राज्यमार्गाला सरळ जायची सवयच नाही.
पालशेतच्या पुलाशी तो माशांच्या वासाकडे वळतो.
नवव्या दगडावर यमुना जाक्कर
सुकटीची टोपली टेकवून बसलेली.
"आज नको रंगवूस. वास लागंल सुकटीला."
मी पुढं जातो.
माझ्या वहीत नऊ कायम दहाच्या नंतर येतो.

मग चढ. धापा. मग सडा,
आणि रस्ता एकदम रिकामा:
कातळ, कातळ, करवंदीचं खुरटं जाळं,
एस.टी. गेल्यावर बराच वेळ उरणारी धूळ.

एकविसाव्यापाशी शाळेतून सुटलेली पोरं
माझा ओला आकडा मोठ्यानं वाचतात.
एक बारकी मागे राहते.
"हेदवी चार, तवसाळ एकोणीस.
आणि आमची तळेवाडी?"
तळेवाडी तीन शेतं आणि एक साकव आत.
खात्याच्या यादीत नाही.
मी म्हणालो, "तू इथंच उभी आहेस ना? मग शून्य."
तिला पटलं नाही.
मलाही.

तवसाळला रस्ता धक्क्यावरून थेट पाण्यात जातो.
आधी डांबर ओलं होतं, मग शेवाळं, मग काहीच नाही.
पलीकडं जयगडला तोच रस्ता, त्याच नंबरानं,
अंग न पुसता बाहेर पडतो.
फेरीबोटीवरचा हनीफ डिंगणकर दोर गुंडाळत विचारतो,
"मधल्या पाण्याचे किलोमीटर कुठल्या खात्यात?"
साहेबांना विचारलं होतं मी एकदा.
म्हणाले, पाण्यात दगड उभा राहत नाही.
बरोबर आहे.
पूल झाला की तेही मोजतील,
हनीफ मात्र कुठल्या दगडावर बसणार नाही.

परतताना डब्यात चमचाभर हिरवा उरला.
एकविसाव्याच्या पाठीवर,
जी साहेबांच्या गाडीतून दिसत नाही,
फक्त शेतातून दिसते,
साच्याशिवाय लिहिलं: तळेवाडी.
आकडा सुचला नाही.

पुढच्या खेपेला बघतो तर
नावाखाली कोळशानं, मोठ्ठा, उलटा काढलेला
तीन.
तीन काय, ते लिहिलेलं नव्हतं.
मी त्यावर चुना मारला नाही.