घरघर

पहाटे साडेपाचची निपाणी–बेळगाव गाडी,
मंगळवार आणि शुक्रवार.
कंडक्टर आता विचारत नाही. माझं शून्याचं तिकीट, त्याचं पैशांचं,
आणि येसुदासकडं बघून खिडकीची काच ओढून घेतो.

संकेश्वर. हत्तरगी. यमकनमर्डी.
मांडीवर पिशवी: फाईल, चादर, कालची भाकरी,
आणि अर्धा लिटर पाणी, त्याचं दिवसभराचं.
बाटलीवर पेनानं रेघा मीच मारल्यात.

चार वर्षं झाली.
पहिल्या वर्षी सगळी मंडळी घरी येऊन गुडघे टेकायची.
दुसऱ्या वर्षी पाळकसाहेब म्हणाले, परीक्षा आहे, रूथबाई.
तिसऱ्या वर्षी कुणी काही म्हणालं नाही.

मी विड्या वळत राहिले.
हजारामागं छाट किती काढायची ते कंत्राटदाराच्या मनावर.
छाटलेल्याही तो घेऊनच जातो, पैसे तेवढे देत नाही.
एकदा देवाला विचारलं, तूही तसलाच काय?
विचारलं, आणि तंबाखूच्या हातांनीच तोंड झाकलं.
डोळे झोंबले, ते कशानं कोण जाणे.

पेटी विकली.
देवळातली नव्हे, आमची, त्याच्या बापाची.
चिकोडीचा माणूस टेम्पो घेऊन आला,
तेव्हा येसुदासनं झाकण उघडून एकच सूर दाबला.
म्हणाला, काळी चार जरा उतरलीय,
हलकं बोट ठेवा.

नणंद म्हणाली, एवढं करून काय मिळालं तुम्हांला?
मला उत्तर सुचलं नाही. चहा टाकला.

त्याच्या डाव्या हातात, मनगटाच्या वर,
शीर आणि धमनी एकत्र शिवली आहे.
डॉक्टर म्हणाले, रोज रात्री बघायचं,
आत घरघर चालू आहे की नाही.
थांबली तर असेल तसं निघून यायचं.
आमच्याकडं घरघर लागली म्हणजे माणूस चालला.
इथं उलटं.

म्हणून दिवा मालवल्यावर मी त्याच्या हातावर कान ठेवते.
आधी काहीच नसतं, माझाच श्वास.
मग लांब कुठं तरी पिठाची गिरणी सुरू असावी
तशी येते.
पूर्वी मी खूप मागायची. यादीच असायची.
आता एवढीच प्रार्थना: कान ठेवायचा, थांबायचं.
एखाद्या रात्री यायला उशीर होतो.
कान काढत नाही.

गेल्या शुक्रवारी मशीनवरच तो पांढरा पडला.
बाहेर चौकात पाटीवरून भांडण पेटलेलं,
कुठली भाषा वर, कुठली खाली.
आत सही करायचा कागद कन्नडमधला,
आणि मी मोठ्यानं मराठीत, जे तोंडाला येईल ते,
बाप्पा, बाप्पा, एवढा एक दिवस.
नर्स नीलांबिका, बैलहोंगलची, वीसेक वर्षांची पोर,
एका हातानं सलाईन उंच धरून उभी होती.
तिला माझा एक शब्द कळत नव्हता.
मी थांबले, तेव्हा ती हळू म्हणाली, आगली.

एवढं कन्नड येतं मला.
होऊ दे.
मी आयुष्यभर आमेन म्हणत आले,
त्याचा अर्थ त्या दिवशी कुणी तरी माझ्या तोंडावर सांगितला.

संध्याकाळची गाडी. तो खांद्यावर झोपलेला.
बरा झाला नाही. मंगळवारी पुन्हा हीच वाट.
हत्तरगीच्या पुढं कधी तरी
त्याच्या उजव्या हाताची बोटं माझ्या गुडघ्यावर चालू लागली,
कुठलं गीत ते कळेना.
एका जागी मात्र दर वेळी
बोट जरा हलकं पडत होतं.